दोन पेशंटच्या मधली मिनिटं

शनिवारी सकाळी पावणेसातला आमच्या हॉस्पिटलच्या जिन्याखाली चपलांचा ढीग पडलेला असतो. आसनगाव, आटगाव, खर्डी या बाजूची माणसं कसाऱ्याहून येणारी पहाटेची लोकल पकडतात, ठाण्याला उतरतात आणि नौपाड्यापर्यंत चालत येतात. वर बाकांवर सगळे ओळीने बसलेले असतात. ज्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, त्या बाजूला कपाळावर चिकटपट्टीचा तुकडा. थोड्या थोड्या वेळाने सिस्टर येऊन बाहुली मोठी करायचे थेंब घालून जातात आणि प्रत्येक जण तोंड वर करून, डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसून राहतो. पंधरा-सोळा माणसं, पण बोलणं जवळजवळ नाहीच. त्यातल्या शेवटच्या माणसाचा नंबर किती वाजता लागेल, हे डॉक्टरांच्या हातावर जितकं अवलंबून असतं तितकंच मी दोन महिन्यांपूर्वी काय खरेदी केलं यावरही असतं. हे कळायला मला पाच-सहा वर्षं लागली.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. डोळ्यांच्या एका हॉस्पिटलात गेली चौदा वर्षं स्टोअर आणि खरेदी बघते. बी.कॉम. झाल्यावर हिशेब लिहायला म्हणून लागले आणि हळूहळू चाव्या माझ्याकडे आल्या. किराटोम म्हणजे काय, कॅन्युला म्हणजे काय, हे मी बिलांवरून शिकले. वस्तू आधी नावाने आणि भावाने ओळखीची झाली, तिचं काम फार उशिरा कळलं. खरेदी करणाऱ्या बहुतेकांचं असंच होत असावं, आणि त्यातच खरी गोची आहे.

माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मला तिच्या चष्म्यामुळे आठवतं. सोडाबाटलीच्या बुडासारख्या काचा, त्यामागे भलेमोठे दिसणारे डोळे. आई सांगते, तेव्हा आजीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या आणि मान हलवायची नाही अशी तंबी होती. डोळ्यातलं भिंग काढून टाकत, पण आत दुसरं बसवत नसत. त्याची भरपाई त्या जाड काचांनी करायची. चष्मा काढला की आजीला ताटातली भाजी कुठली तेही कळायचं नाही. खरं तर हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजीच डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवून दाखवलं होतं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे पर्स्पेक्सचे कण घुसले तरी डोळा ते सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ते भिंग आजीपर्यंत पोचलं नाही. परदेशातून येणाऱ्या एका लेन्सची किंमत बराच काळ शंभर डॉलरच्या घरात होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स इथेच बनवायला सुरुवात केली, तेव्हा ती किंमत दहा डॉलरच्या आसपास आली. शस्त्रक्रिया तीच, डॉक्टर तेच. एका वस्तूचा भाव खाली आला आणि लाखो माणसांचे जाड चष्मे गेले. स्टोअरच्या रॅकवर लेन्सचे खोके नंबराप्रमाणे लावताना आजही मला हे आठवतं.

आता यंत्राची गोष्ट. फेकोचं, म्हणजे मोतीबिंदू फोडून ओढून काढायचं यंत्र, हे आमच्या थिएटरमधलं सगळ्यात देखणं आणि सगळ्यात महाग सामान. दाताच्या डॉक्टरकडे कीटण काढायचं यंत्र पाहून चार्ल्स केलमन यांना ही कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये त्यांनी ती वापरली. पेनाएवढ्या हँडपीसच्या टोकाला असलेली पोकळ सुई सेकंदाला हजारो वेळा कंप पावते, कडक झालेल्या भिंगाचा भुगा करते आणि त्याच सुईतून तो ओढून घेते. जखम अडीच मिलिमीटरच्या आसपास, टाका नाही. ओढून घ्यायला आत पंप असतो. एका प्रकारात नळीवरून रोल फिरतात, रसवंतीतले रोल उसावरून फिरतात तसे. दुसऱ्या प्रकारात दाबाखालच्या हवेने पोकळी तयार करतात, म्हणजे कॉम्प्रेसर किंवा सिलिंडर आला, आणि तो संपला की लिस्ट, म्हणजे त्या दिवशीच्या ऑपरेशनांची रांग, थांबली. खरेदीच्या मीटिंगमध्ये यावर तास तास चर्चा होते. डॉक्टरांचा हात ज्या पंपाला सरावलेला असतो तो त्यांना हवा असतो, आणि ते मला पूर्ण पटतं.

पण यंत्राच्या किमतीवर जितका घोळ घालतात तितका त्यासोबत येणाऱ्या पॅकवर कोणी घालत नाही. पॅक म्हणजे कॅसेट, नळ्या, सुईवरची सिलिकॉनची स्लीव्ह असं एकत्र पाकीट. काही यंत्रांना प्रत्येक पेशंटला नवीन पॅक लागतो, काहींच्या नळ्या पुन्हा निर्जंतुक करून वापरता येतात. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे एका विक्रेत्याने यंत्र जवळजवळ फुकट द्यायची तयारी दाखवली. अट एवढीच, की महिन्याला ठरलेले पॅक त्यांच्याकडूनच घ्यायचे. ट्रस्टी खूश झाले, मीही झाले. मग एका संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. समजा यंत्र ३० लाखांचं आहे, दहा वर्षं चालतं आणि वर्षाला ३,००० ऑपरेशनं होतात. मग एका ऑपरेशनमागे यंत्राचे १०० रुपये पडतात. तेच यंत्र वर्षाला ३०० ऑपरेशनं करणाऱ्या छोट्या दवाखान्यात गेलं की १,००० रुपये. आणि पॅक समजा १,५०० चा, तर ३,००० पॅकचे वर्षाला ४५ लाख. म्हणजे फुकट आलेलं यंत्र वर्षभरातच दीडपट वसूल. आकडे मी इथे समजायला सोपे घेतले आहेत, पण हिशेबाची चाल अशीच होती. आम्ही नाही म्हणालो. नंतर कर्ज काढून असं यंत्र घेतलं, ज्याच्या नळ्या आमच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालता येतात आणि ज्याचा देखभालीचा करार आधीच लेखी ठरला होता. लहान दवाखान्याचा हिशेब याच्या उलटा येऊ शकतो, हेही सांगायला हवं. महिन्याला वीस ऑपरेशनं करणाऱ्याला पॅकवालं यंत्र कदाचित परवडेल. दुसऱ्याचं कोटेशन पाहून आपण खरेदी करू नये.

तरीही मी अजून मिनिटांपर्यंत आले नव्हते.

मिनिटं मला दाखवली आमच्या थिएटरच्या मोठ्या सिस्टरांनी. एकदा लिस्ट दुपारी चारपर्यंत लांबली. शेवटच्या दोन आजींना भोवळ यायला लागली, एकीची साखर उतरली. ट्रस्टींनी विचारलं की नवीन, वेगवान यंत्र घ्यायचं का. सिस्टर काही बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एका शाळेच्या वहीत लिहायला घेतलं: पेशंट टेबलावर किती वाजता आला, पहिला छेद किती वाजता, पट्टी किती वाजता, पुढचा पेशंट टेबलावर किती वाजता. तीन शनिवार लिहिलं आणि वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कॉमर्सच्या ना? जरा बेरीज करून बघा."

बेरीज केली. डॉक्टरांचा हात डोळ्यावर असायचा साधारण दहा-बारा मिनिटं. पट्टी झाल्यापासून पुढच्या पेशंटला छेद देईपर्यंत मात्र वीस मिनिटं जायची. म्हणजे ऑपरेशनपेक्षा वाट बघणं जास्त. यंत्र कितीही वेगवान आणलं असतं तरी त्या दहा मिनिटांतली एक-दोनच वाचली असती. मधल्या वीस मिनिटांची आठ झाली तर बारा पेशंटच्या लिस्टमध्ये अकरा वेळा बारा मिनिटं, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ मोकळा होणार होता.

ती वीस मिनिटं कुठे जातात हे बघायला मी पहिल्यांदाच टोपी, मास्क, गाऊन घालून थिएटरच्या कोपऱ्यात उभी राहिले. तिथे जे दिसलं ते कुठल्याही बिलात नव्हतं. आमच्याकडे हत्यारांचे सहा सेट होते. सहावा पेशंट उतरला की सातव्यासाठी पहिला सेट ऑटोक्लेव्हमधून बाहेर येण्याची वाट बघायची. निर्जंतुक होण्याची नेमकी वेळ पुस्तकात थोडी मिनिटं लिहिलेली असते, पण यंत्र तापायला, हवा बाहेर खेचायला, वाफ सोडायला, सामान वाळायला जो वेळ लागतो तो धरला की पाऊण तास सहज होतो. त्यातून कोणी घाईत ओला सेट काढला तर तो बाद. हँडपीस होते दोनच. गरम हँडपीस आपोआप थंड व्हावा लागतो, गार पाण्यात बुडवला तर आतले स्फटिक तडकू शकतात. तो थंड होईपर्यंत डॉक्टर, सिस्टर आणि कपाळावर चिकटपट्टी लावलेला एक शेतकरी, तिघेही थांबलेले.

आम्ही नवीन यंत्र घेतलं नाही. चार सेट आणि दोन हँडपीस घेतले, दुसरं टेबल लावलं आणि एक जुना मायक्रोस्कोप दुरुस्त करून त्याच्यावर बसवला. अरविंदमध्ये डॉक्टर दोन टेबलांच्या मध्ये फिरतात, एकावर हात चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार असतो. हे तिकडे कित्येक वर्षं चालू आहे, नवीन काही नाही. पण दुसरं टेबल लावून सेट सहाच ठेवले असते तर सगळी गर्दी ऑटोक्लेव्हच्या दारात जाऊन थांबली असती. एक वस्तू वाढवली की कोंडी दुसरीकडे सरकते. कोपरीच्या पुलाचं रुंदीकरण चाललेलं होतं तेव्हा रोज रिक्षात बसून मी हेच बघायचे, अलीकडचं मोकळं झालं की पुढचा सिग्नल भरलेला.

स्वस्ताची माझी एक चूकही इथे लिहिते. एका वर्षी मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून किराटोमचा दुसरा ब्रँड आणला, आधीच्यापेक्षा निम्म्या भावाचा. किराटोम म्हणजे छेद देणारं भाल्याच्या टोकासारखं पातं. माझ्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये बचत ठळक दिसली. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला बोलावलं आणि मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या डोळ्यातून बघायला लावलं. जुनं पातं बुबुळात लोण्यासारखं शिरत होतं. नवं पातं आधी बुबुळाला दाबत होतं, डोळा किंचित आत जात होता, मग एकदम फट्‌कन आत. अशा छेदाच्या कडा नीट मिटत नाहीत, पाणी झिरपतं, मग कडेला सलाइन टोचून त्या फुगवाव्या लागतात, कधी टाका घालावा लागतो. प्रत्येक पेशंटमागे चार-पाच मिनिटं, आणि कुणाच्या तरी डोळ्यात संसर्गाची जोखीम. पात्यामागे वाचवलेल्या पैशांपेक्षा ती मिनिटंच महाग होती. मी उरलेला माल परत केला आणि त्या दिवसापासून नमुना थिएटरमध्ये वापरून पाहिल्याशिवाय धार असलेली एकही वस्तू ऑर्डर केली नाही.

याहून मोठी गोष्ट कॅन्युलाची. डोळ्यात व्हिस्को सोडायचं, ते धुऊन काढायचं, पाणी मारायचं, या सगळ्याला बारीक पोकळ नळ्या लागतात. व्हिस्को म्हणजे चिकट पारदर्शक जेल, डोळ्याच्या आतली जागा धरून ठेवणारं. ते नळीत वाळलं की नजरेला दिसत नाही. दुसरं टेबल सुरू झाल्यावर लिस्ट वेगात चालायला लागली, आम्ही सगळे खुशीत होतो, आणि एका सोमवारी सकाळी पट्टी काढल्यावर तीन पेशंटची बुबुळं धुरकट दिसली. जंतुसंसर्ग नव्हता. अशा सुजेला डॉक्टर टास म्हणतात. हत्यारावर राहिलेलं साबणाचं द्रव्य, वाळलेलं व्हिस्को, असं काहीतरी डोळ्यात गेलं की एक-दोन दिवसांतच ती येते. स्टिरॉइडचे थेंब चालू केले, दहा-बारा दिवसांत तिघांचेही डोळे निवळले. त्यातल्या एक मावशी डॉक्टरांनाच धीर देत होत्या, "होईल हो साहेब बरं, तुम्ही जेवून घ्या." त्या दिवशी मी घरी गेले आणि कुणाशीही बोलले नाही.

शोधलं तेव्हा दिसलं ते असं. वेग वाढला, पण धुण्याची जागा तीच होती. एक बेसिन, धुणाऱ्या एकच मावशी. पूर्वी दोन पेशंटमध्ये वीस मिनिटं मिळत, आता आठ मिळत होती. कॅन्युला ट्रेमध्ये पडून राहायच्या आणि नंतर एकदम धुतल्या जायच्या. साबणाच्या द्रावणानंतर जेवढं साधं पाणी मारायला हवं तेवढं मारलं जात नव्हतं. वाचवलेल्या मिनिटांतली काही मिनिटं आम्ही अशा जागेवरून उचलली होती जिथून उचलायची नव्हती.

आता मोठ्या सिस्टर हे काम स्वतः शिकवतात. कॅन्युला डोळ्यातून बाहेर आली की तिथल्या तिथे, टेबलावरच, तिच्यातून शुद्ध पाणी मारायचं. मग बेसिनवर सिरिंज लावून तीनदा पाणी, शेवटी रिकाम्या सिरिंजने हवा. मग ती दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात टोकाकडून बघायची. पलीकडचा उजेड टाचणीच्या टोकाएवढा दिसला तर ती ट्रेमध्ये. नाही दिसला तर कितीही घाई असली तरी बाजूला. मी हे बघायला गेले तेव्हा त्यांनी एक नळी माझ्या हातात दिली. मला आधी काही दिसलं नाही. हात स्थिर झाल्यावर तो ठिपका दिसला.

खेड्यांतून येणाऱ्या काही मोतीबिंदूंना तर यंत्र लागतच नाही, किंबहुना नसलेलं बरं. वर्षानुवर्षं अंगावर काढलेला, तपकिरी-काळा, खड्यासारखा कडक मोतीबिंदू फेकोने फोडायचा तर ऊर्जा खूप लागते आणि बुबुळाच्या आतल्या पेशींना इजा होऊ शकते. तिथे आमचे डॉक्टर एसआयसीएस, म्हणजे लहान छेदातून हाताने करायची शस्त्रक्रिया, करतात. सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा, त्यातून अख्खं भिंग बाहेर, आणि बोगदा आपोआप मिटतो. टाका नाही, यंत्र नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० पेशंटवर या दोन्ही पद्धतींची तुलना झाली, ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. चष्मा लावून दोन्हींत दिसणं सारखं, बिनचष्म्याचं फेकोत थोडं सरस. नेपाळमध्ये २००७ च्या अभ्यासात १०८ पेशंट होते. तिथे एसआयसीएसला सरासरी नऊ मिनिटं लागली, फेकोला साडेपंधरा. हे वाचल्यापासून माझ्या मागणीपत्रात एसआयसीएसच्या सेटला कधी कात्री लागत नाही. तरुण डॉक्टरांना हा हात शिकायला मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. यंत्र बंद पडलेल्या दिवशीसुद्धा तोच कामाला येतो.

फेम्टो लेझरचा प्रस्तावही आला होता. छेद आणि भिंगाचे तुकडे लेझरने, बाकी काम फेकोनेच. फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत झालेली त्याची चाचणी २०२० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. नेहमीच्या फेकोपेक्षा परिणाम सरस नाही आणि खर्च जास्त, असा निष्कर्ष. आमच्या मीटिंगमध्ये तो विषय दहा मिनिटांत संपला.

कचऱ्याकडे मात्र मी आता वेगळ्या नजरेने बघते. लिस्ट संपल्यावर तांबड्या पिशवीत नळ्या, पिवळ्यात कापसाचे बोळे, पांढऱ्या डब्यात सुया आणि पाती. पॅकवालं यंत्र घेतलं असतं तर ती तांबडी पिशवी किती फुगली असती हे मी मनात मोजते. ब्रिटनमध्ये एका फेकोमागे साधारण १८० किलो कार्बन डायऑक्साइडइतके तापवणारे वायू हवेत जातात असं एका अभ्यासात मोजलं गेलं, आणि अरविंदमध्ये साधारण सहा किलो. तिथे संसर्गाचं प्रमाण वाढलेलं नाही. पुन्हा वापरायच्या वस्तू नीट धुतल्या, नीट निर्जंतुक केल्या, तरच हे जमतं. त्या 'नीट'ची किंमत म्हणजे बेसिनजवळची माणसं, आणि ती किंमत कोटेशनमध्ये कुठेच छापलेली नसते.

पुढच्या आठवड्यात वर्षाच्या खरेदीची मीटिंग आहे. गेल्या वर्षीपासून मोठ्या सिस्टरही तिला बसतात. पहिल्यांदा त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या, आता टेबलाशी बसतात. माझ्याकडे नव्या मॉडेलची तीन चकचकीत पत्रकं आली आहेत, एकात पडदा मोठा, एकात पाय ठेवायचं पेडल बिनतारी. सिस्टरांनी शाळेच्या वहीचं पान फाडून त्यांची यादी दिली आहे: दुसरं बेसिन, तेही खिडकीजवळ. कॅन्युला दोन डझन. धुण्यासाठी आणखी एक माणूस, निदान शनिवारी. मी ती यादी टाइप केली आणि पत्रकांच्या वर पहिल्या पानावर लावली.